पितळ उघडं पडलं, तर बिघडलं कुठे?

प्रश्न असा आहे: "पितळेची भांडी आपण चिंच लावून घासतो, मिरवतो. मग 'त्याचं पितळ उघडं पडलं' यात नाचक्की कसली? आणि 'कलई' बरोबर की 'कल्हई'?"

हे दोन प्रश्न एकत्र आले ते बरं झालं, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे.

पितळेचं पातेलं डोळ्यांपुढे आणा. बाहेरून ते पिवळंधमक असतं, म्हणजे पितळ तिथे उघडंच असतं. ते झाकलेलं असतं आतून, कथलाच्या, म्हणजे टिनच्या, पांढऱ्या थराखाली. हा थर म्हणजे कल्हई. घासून घासून तो झिजला की तळाशी पिवळे डाग दिसू लागतात. अशा पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवलं की आंबटात तांबं उतरतं, चव बिघडते, हिरवट झाक येते. याला मराठीत 'कळकणे' असा स्वतंत्र शब्द आहे. 'ताक कळकलं' म्हटलं की भांडं, धातू, चूक, सगळं दोन शब्दांत कळतं. स्टीलच्या भांड्यांनी हा शब्द जवळजवळ संपवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वाक्प्रचाराचा संबंध काही जण सोन्याच्या मुलाम्याशी जोडतात: मुलामा उडाला आणि खालचं पितळ दिसलं. त्यात तथ्य आहे, कारण मुलाम्यात फसवणूक असते आणि कल्हई कुणी फसवायला करत नाही. तरी माझा कौल कल्हईकडे आहे. हिंदीत याच अर्थाने 'कलई खुलना' म्हणतात. तिथे वरचा थर बोलतो, आपल्याकडे खालचा धातू बोलतो, भांडं एकच. शिवाय मुलाम्याचे दागिने किती घरांत असणार? कल्हईचं पातेलं मात्र घरोघरी होतं.

आता रूप. मराठीत 'कल्हई'च, 'कलई' हे हिंदी रूप. मूळ अरबी 'कलई', म्हणजे कथील. अरब दर्यावर्दी मलाया द्वीपकल्पातल्या ज्या बंदराला 'कलह' म्हणत, त्याच्या नावावरून हा शब्द आला असं सहसा मानतात; तिथलं कथील प्रसिद्ध होतं. आपण तो ल्हकार देऊन कोल्हा, मल्हार यांच्या पंगतीला बसवला. 'कथील' मात्र संस्कृत 'कस्तीर'वरून आलेला, आणि त्याचा सोयरा ग्रीक 'कस्सितेरोस'. त्याहून जुना शब्द 'त्रपु'. पूजेत रुद्रानंतर 'चमक' हे यजुर्वेदातलं स्तोत्र म्हणणाऱ्यांच्या तोंडी तो आजही येतो: 'सीसं च मे त्रपुश्च मे'.

क्रियापदंही नीट वापरावीत. कल्हई करतात किंवा लावतात. झिजली की ती उडते किंवा जाते. आणि ज्याला आपण 'टिनचा डबा' म्हणतो तो असतो लोखंडी पत्र्याचा, वर कथलाचा पातळ हात दिलेला. म्हणजे तीही एक कल्हईच.

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा अंगणात खड्डा करून भाता बसवायचा. भांडं निखाऱ्यांवर तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ती लगेच पाघळायची, आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला की काळं पातेलं आतून चांदीसारखं. पाण्यात बुडवताना चर्र आवाज व्हायचा. आजी पातेलं उन्हात तिरकं धरून तळाच्या कडेवरून बोट फिरवायची. तिथे जरा पिवळं दिसलं तर म्हणायची, "अहो, इथे पितळ उघडंच आहे, पुन्हा हात फिरवा."