माणसे नाराज होतात म्हणजे माझे चुकते का?

मी मनाप्रमाणे वागू लागले की घरातले दुखावतात, मग मी स्वार्थी झाले आहे का, हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रिया, आणि अलीकडे काही पुरुषही, वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्याचे उत्तर म्हणून एका शिक्षिकेची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या बाई घरातल्या थोरल्या सून. गौरींच्या जेवणाला तीस-पस्तीस पाने असत आणि पुरण शिजवण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत सारे त्यांच्याकडे असे. बहिःस्थ एम.ए.ला प्रवेश घेतला त्या वर्षी, पोळ्या बाहेरून आणू, बाकीचा स्वयंपाक मी करीन, असे त्यांनी सुचवले. 'वहिनी आता शिकलेल्या झाल्या,' असे धाकटी जाऊ म्हणाली आणि सासूबाईंनी अबोला धरला.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन (१९१३–१९९०) यांनी कुटुंबांचा अभ्यास करताना हा क्रम नोंदवला होता: एखादी व्यक्ती आपली ठरलेली भूमिका सोडू लागली की आधी 'तुझे चुकते आहे', मग 'पहिल्यासारखी हो' आणि शेवटी 'नाहीतर परिणाम भोग' असा दबाव येतो. तेव्हा घरच्यांची नाराजी हा घडी विस्कटल्याचा पुरावा असतो. तेवढ्यावरून बदल चुकीचा ठरत नाही. मात्र संबंध तोडून मिळवलेल्या अंतराला बोवेन स्वातंत्र्य मानत नसत. म्हणूनच 'त्रासदायक माणसांना आयुष्यातून काढून टाका' हा हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला मला उथळ वाटतो. मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर मात्र तो प्रश्न नाराजीचा राहत नाही. तिथे आधी सुरक्षितता पाहावी आणि १८१ या महिला मदतवाहिनीशी बोलावे.

बाईंचा नकार एका वाक्यात कधीच संपत नसे. परीक्षा, वेळ, गुडघेदुखी अशी कारणे त्या देत आणि घरचे एकेक कारण निकालात काढत. गुडघ्यासाठी तर पट्टाही आणून देण्यात आला. 'या वर्षी पोळ्या मी करणार नाही' एवढेच म्हणून थांबायचे, रुसलेल्याची मनधरणी करायची नाही, पण आपणही अबोला धरायचा नाही, याचा सराव आम्ही केला. बऱ्याच उशिरा त्या म्हणाल्या, "माझ्यावाचून अडले नाही, याचेच वाईट वाटले." कौतुकाची सवय त्यांनाही होती, आणि ती सुटताना होणारा त्रास घरच्यांच्या रागापेक्षा जास्त होता. त्यावर बोलायला आम्हाला सर्वाधिक वेळ लागला.

पुढच्या गौरींनाही पोळ्या बाहेरूनच आल्या. त्या जाड असल्याची तक्रार सासूबाईंनी प्रत्येक पाहुण्याजवळ केली. 'हो, जरा जाडच आहेत,' असे म्हणून बाई वाढत राहिल्या.