आवडत्या लेखकासमोर मूल गप्प उभे राहते तेव्हा

नोव्हेंबर २०२५मध्ये नागपुरातल्या रेशीमबाग मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुस्तक महोत्सव झाला. तेव्हापासून मुले आणि लेखक यांच्या भेटीविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे अधिक येऊ लागली आहेत. त्यांतील चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून आशय राखून ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. एका लेखिकेची पुस्तके तिने इतक्यांदा वाचली आहेत की त्यांतील एकाचे मुखपृष्ठ सुटून आले आहे. मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका पुस्तक प्रदर्शनात त्या येणार असल्याचे कळले आणि आठवडाभर घरात दुसरा विषय निघाला नाही. आम्ही पाऊण तास रांगेत उभे राहिलो. पाळी आली तेव्हा मात्र मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. मागे लोक खोळंबले होते, म्हणून तिने ठरवलेला प्रश्न मीच विचारला. लेखिकेने छान उत्तर दिले, सही दिली, आम्ही निघालो. ऑटोत बसल्यावर ती रडू लागली आणि म्हणाली, "आई, तू माझा प्रश्न का विचारलास?" यंदा त्याच लेखिका पुन्हा येणार आहेत. मुलीला धीट कसे करावे? — एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते, कारण सगळी गोष्ट तिने त्या एका वाक्यात सांगून टाकली आहे. आपण बोललो नाही, याचे तिला रडू आले नव्हते. आठवडाभर जपून ठेवलेली तिची वस्तू दुसऱ्या कोणी तरी देऊन टाकली, याचे ते रडू होते. तुम्ही हे तिच्या मदतीसाठीच केलेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि मागे रांग असताना कोणत्याही आईने बहुधा हेच केले असते. पण तिला धीट करण्याची गरज मला दिसत नाही.

मूल त्या क्षणी गप्प का होते, हे समजून घ्यायला हवे. ज्या बाईंची पुस्तके ती रोज रात्री वाचते, त्यांचा एक आवाज तिच्या मनात केव्हाच तयार झालेला असतो. आणि एकदम समोर दिसतात त्या चष्मा लावलेल्या, शाल पांघरलेल्या, कागदी कपातून चहा घेणाऱ्या एक अनोळखी बाई. मनातल्या बाई आणि समोरच्या बाई एकच आहेत, हे पटायला वेळ लागतो आणि रांगेत नेमका वेळच नसतो. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना अशा गप्प मुलांची सवय असते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. घाई असते ती आपल्याला.

मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले. एकदा एका लेखकांच्या भेटीसाठी सहावीचा वर्ग घेऊन गेले होते. मुले गोंधळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या हातात मी स्वतः लिहिलेली प्रश्नाची चिठ्ठी दिली होती. एका मुलाने उभे राहून ती वाचली, "आपल्या लेखनामागील प्रेरणा कोणती?" लेखकांनी नीट उत्तर दिले, मग ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "तुला खरंच हेच विचारायचं होतं?" मुलाने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले. परवानगी मागणारी ती नजर मला अजून आठवते आणि अजून लागते. मी मान हलवल्यावर तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "गोष्टीतला कुत्रा शेवटी कुठे गेला?" लेखकांनी हातातले पेन खाली ठेवले आणि आपल्या लहानपणीच्या कुत्र्याविषयी ते बराच वेळ बोलत राहिले. त्या दिवसापासून मी मुलांना प्रश्न लिहून देणे सोडले.

आता यंदाविषयी. सहीच्या रांगेत लागण्याआधी त्या लेखिकेचे कथाकथन किंवा मुलाखत असेल, तर तिला तेथे आधी बसवा. अर्धा तास आवाज कानावर पडला, हसणे-बोलणे दिसले, की अनोळखीपण बरेचसे ओसरते. प्रश्न तिला स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत एका कागदावर लिहू द्या आणि त्यातले शुद्धलेखन तपासू नका. आवाज फुटला नाही तर तिने तो कागद पुढे करावा. लेखिका तो वाचतील आणि उत्तर तिच्याकडे पाहून देतील. तुम्ही दोन पावले मागे उभ्या राहा. मागच्या माणसाने चुळबुळ केली, तर त्याला "दोन मिनिटे थांबा" एवढे सांगणे, हेच त्या वेळचे तुमचे काम.

आणि कागदही पुढे झाला नाही, तिने नुसते पुस्तक दिले, सही घेतली आणि परत फिरली, तर तीही पूर्ण भेटच आहे. परतीच्या वाटेवर "अगं, बोलली का नाहीस?" हे तेवढे विचारू नका. चार दिवसांनी तिला वाटले तर ती पत्र लिहील. पुस्तकाच्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला प्रकाशकाचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर लेखकाच्या नावाने पाठवलेली पत्रे बहुतेक प्रकाशक पुढे पोहोचवतात.

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला माझ्या कपाटातला फास्टर फेणे वाचायला दिला आणि त्याने तो पार डोक्यावर घेतला. आता तो विचारतो, "आबा, पुस्तक महोत्सवात भा. रा. भागवत येतील का?" त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून मी अजून काही सांगितलेले नाही. — एक आजोबा, महाल

उत्तर : आजोबा, त्याला खरे सांगा आणि महोत्सवाला जाण्याआधी सांगा. भागवतांचा जन्म १९१०चा आणि ते २००१ मध्ये गेले. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, त्यांच्यामागेही पोरांच्या हाती आहे, हे नऊ वर्षांच्या मुलाला नीट समजते. मृत्यूची बातमी मुलांना आपण समजतो तितकी जड जात नाही. आपण काही तरी लपवत आहोत, हे मात्र त्यांना लगेच कळते.

त्याची समजूत काढायची म्हणून मंडपातल्या दुसऱ्याच लेखकासमोर त्याला उभे करू नये, असे मला मनापासून वाटते. न वाचलेल्या लेखकाची सही म्हणजे मुलाच्या दृष्टीने एका अनोळखी माणसाचे नाव. त्यापेक्षा भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या, हे त्याला सांगा आणि महोत्सवात त्यांचा शोध घेण्याचे काम त्याच्यावर सोपवा. एकेका स्टॉलवर जाऊन "भागवतांचं काय आहे?" असे विचारणारा मुलगा दिसला, की जुने पुस्तक विक्रेते हातातले काम सोडून बोलतात. आणि एक वाचक त्याला घरातच भेटणार आहे. तुम्ही फास्टर फेणे पहिल्यांदा वाचला तेव्हा किती वर्षांचे होता, कोणी दिला होता, कुठे बसून वाचलात, हे त्याला सांगितले आहे का?

प्रश्न : लेखकासोबत मुलांचा फोटो काढावा का? आणि महोत्सव वर्षातून एकदाच, मग इतर वेळी नागपुरात मुलांना लेखक कुठे भेटतील? — एक बाबा, त्रिमूर्तीनगर

उत्तर : फोटो काढावा, पण बोलणे संपल्यावर, विचारून आणि एकच. फोन आधी बाहेर निघाला, तर मूल लेखकाकडे न पाहता फोनकडे पाहते आणि भेटीची दोन मिनिटे त्यातच जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ची. सीताबर्डीवर झाशी राणी चौकातल्या त्याच्या वास्तूत साहित्याचे कार्यक्रम होत असतात. मोठ्यांच्या कार्यक्रमात मुले कंटाळतात हे खरे, पण कवीचे वाचन असेल तर दहा-बारा वर्षांचे मूल तासभर सहज बसते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन असतो, तेव्हा आपल्या भागातल्या ग्रंथालयात चौकशी करावी. आणि दीक्षाभूमीला विसरू नका. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे जो जनसागर लोटतो, त्यात पुस्तकांची दुकाने दूरवर लागलेली असतात. परतणाऱ्या माणसांच्या पिशवीत पुस्तके असतात आणि आपली पुस्तके स्वतः मांडून बसलेले कवी, लेखक तेथे भेटतात. तेथे टेबल नसते, रांग नसते, निवेदकही नसतो. सतरंजीवर बसलेल्या माणसाला मूल सहज विचारते, "हे तुम्हीच लिहिलं?" लेखकाशी बोलणे सुरू करायला यापेक्षा चांगले वाक्य मला माहीत नाही.

प्रश्न : मी उमरेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. अडतीस मुलांना पहिल्यांदाच पुस्तक महोत्सवाला आणि एका बालसाहित्यिकांच्या भेटीला आणणार आहे. दोन अडचणी आहेत. पुस्तक विकत घेण्याची ऐपत बहुतेक घरांत नाही, मग सही कशावर घ्यावी? आणि आमची मुले "मले", "तुले" बोलतात. लेखकांसमोर शुद्ध भाषेत बोलण्याचा सराव करून घ्यावा का? — एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, दुसरी अडचण आधी घेते. सराव करून घेऊ नका. लेखकाला प्रश्न विचारताना मुलाचे लक्ष जर "मला" की "मले" यात अडकले, तर प्रश्न मनातच राहील. "तुमी त्या म्हाताऱ्याले काहून मारलं जी?" असा प्रश्न तुमच्या एखाद्या मुलीने विचारला, तर तो कोणत्याही लेखकाला खुर्चीत ताठ बसवणारा प्रश्न आहे. त्या शेवटच्या "जी"मध्ये केवढा आदर आहे, हे विदर्भाबाहेरच्या लेखकालाही लगेच कळते. ज्याला मुलांसाठी लिहायचे, त्याला मुलांची बोली ऐकायला मिळणे ही त्याच्याही लाभाची गोष्ट आहे. कोणी हसलेच, तर हसणाऱ्याकडे तुम्ही पाहा. मुलांना मात्र बोलू द्या.

आता पुस्तकाविषयी. सही पुस्तकावरच घ्यावी असे कुठे आहे? जाड पुठ्ठ्याची हातभर पट्टी घ्यावी, तिच्या चार-पाच पुस्तकखुणा कापाव्यात, प्रत्येक मुलाने आपल्या खुणेवर त्या लेखकाच्या गोष्टीतले एक चित्र काढावे आणि सही त्या चित्राखाली घ्यावी. ग्रंथालयाच्या पुस्तकावर मात्र सही मागू नये. शिक्का आणि तारखांची चिठ्ठी असलेले ते पुस्तक सगळ्या गावाचे असते. एका भेटीत मी असे पाहिले की एका मुलीने ग्रंथालयाचे पुस्तक पुढे केले. शिक्का दिसताच लेखकांनी पेन थांबवले, खिशातून बसचे तिकीट काढले, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या नावासह दोन ओळी लिहिल्या आणि ते तिकीट पुस्तकात ठेवून दिले. नंतर तिने पुस्तक वेळेवर परत केले आणि तिकीट आपल्या कंपासपेटीत ठेवले.

भेटीआधी मुलांनी त्या लेखकांचे काही तरी वाचलेले असणे, हे सहीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. बालभारतीचे "किशोर" मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तुमच्या लेखकांची एखादी गोष्ट त्यांत सापडते का, हे पाहा. सापडली तर फळ्याजवळ बसून ती मोठ्याने वाचा, एकदा नव्हे, दोन-तीनदा. गावात अगदी लहान, "ड" वर्गाचे का होईना, ग्रंथालय असेल, तर ग्रंथपालांना महिनाभर आधी सांगून एक-दोन प्रती मागवता येतात. अडतीस मुलांना दोन प्रती पुरतात, कारण गोष्ट ऐकायची असते.

वाचताना एक गोष्ट आवर्जून सांगा. पाठ्यपुस्तकात लेखकाच्या नावापुढे कंसात जन्म आणि मृत्यू अशी दोन साले वाचून पुष्कळ मुलांची समजूत झालेली असते की लेखक म्हणजे होऊन गेलेला माणूस. मी एका तिसरीतल्या मुलाला लेखकांच्या हाताला हळूच बोट लावून पाहताना पाहिले आहे. तुमचे लेखक सकाळी उठतात, बाजारात जातात, लिहिलेले खोडतात, हे मुलांना आधी कळले, तर त्यांचे प्रश्न आपोआप सुचतील.

आयोजकांना पंधरा दिवस आधी पत्र पाठवून शाळेसाठी वेगळी वेळ मागून घ्या, कारण संध्याकाळच्या गर्दीत अडतीस मुले सांभाळताना तुमचा जीव मेटाकुटीला येईल. बैठक गोल करा, लेखकांना खुर्ची देण्याआधी "खाली बसाल का?" असे विचारा. बहुतेक जण आनंदाने बसतात. प्रश्नांसाठी क्रम लावू नका. पहिली काही मिनिटे शांततेत जातील आणि ती भरून काढण्यासाठी तुम्ही बोलू नका. सगळ्यांत मागे बसलेले, वर्गात कधी हात वर न करणारे एखादे मूल पहिला प्रश्न विचारते, असा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात मैदानावर ऊन उतरले की गारठा लगेच जाणवतो. परतीची बस संध्याकाळची असेल, तर मुलांना स्वेटर आणायला सांगा आणि पुस्तकखुणा वहीच्या पानांत घालून न्यायला सांगा, म्हणजे त्या दुमडणार नाहीत.