मोठा फिक्स्ड ब्लेड चाकू रानात आणि स्वयंपाकघरात दोन्हीकडे चालतो का? घेतल्यावर तो कसा पारखावा?

आपण विचारले आहे की, न मिटणारा, लांब पात्याचा एकच मोठा चाकू घेतला तर तो बाहेरच्या मुक्कामाला आणि घरच्या स्वयंपाकाला पुरेल का, आणि हाती आल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी. चाकू दोन्हीकडे चालतो, पण स्वयंपाकघरात त्याचे काम मोजक्या जिनसांपुरतेच राहते. माझ्याकडचा चाकू १०९५ या कार्बन पोलादाचा आहे. पाते साडेआठ इंच लांब, पाठीकडे जवळजवळ ५ मिलिमीटर जाड, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पुढचे सारे त्याच्या वापरावरून लिहीत आहे. याच घडणीच्या इतर चाकूंनाही ते बहुतांशी लागू पडावे.

खरेदीच्या वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न पोलाद कोणते, हा असतो. माझ्या मते त्याआधी धारेच्या लगेच वर पाते किती जाड आहे ते पाहावे, कारण चाकू कापणार की फाडणार हे तिथेच ठरते. घरातल्या चांगल्या सुरीचे पाते पाठीकडेही साधारण २ मिलिमीटरच असते आणि तिथून ते निमुळते होत धारेपर्यंत येते. लाकडावर घाव घालण्यासाठी केलेल्या चाकूच्या धारेमागे मुद्दाम जाडी ठेवलेली असते, नाहीतर पहिल्या गाठीवरच धार दुमडेल.

वापर सुरू करण्याआधी चाकू डोळ्यासमोर आडवा धरून टोकापासून मुठीपर्यंत धारेची रेघ सरळ आहे ना ते बघावे आणि दिव्याखाली धार वर करून धरावी. जिथे ती चमकते तिथे ती बोथट आहे किंवा दुमडलेली आहे. पोलादाला पाणी नीट दिले आहे की नाही, म्हणजे तापवून थंड करताना त्यात कडकपणा बेताचा आला आहे की नाही, हे पाहण्यासाठी पितळी सळईची जुनी कसोटी अजूनही उत्तम आहे. धार लावताना जो कोन ठेवतो त्याच कोनात धार सळईवर टेकवून बेताने दाबावी. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी योग्य आहे, वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ आहे, आणि कणी उडाली तर ते गरजेपेक्षा कडक राहिले आहे.

परीक्षेची सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी, कारण कारखान्यातून आलेली धार शाबूत असतानाच चाकूची घडण कळते. लाकूडतोडीनंतर कापणे जमले नाही तर दोष धारेचा की घडणीचा हे सांगता येत नाही. त्यासाठी गाजरासारखे दुसरे साधन नाही. पातळ सुरी गाजरातून आरपार जाते, तर जाड पाते निम्म्यापर्यंत गेल्यावर पाचरीसारखे काम करू लागते आणि गाजर कट्कन आवाज करून उरलेल्या भागात फुटते. चकती हातात घेतली तर अर्धी बाजू गुळगुळीत आणि अर्धी खडबडीत दिसते. कांदा चिरता येतो, पण बारीक चिरताना पाकळ्या एकमेकींपासून सुटून पसरतात. पिकला टोमॅटो धार चांगली असेल तर सहज कापला जातो. रोजच्या चिरण्यासाठी, थोडक्यात, हा चाकू विळीची किंवा साध्या सुरीची जागा घेणार नाही.

मात्र मोठी जिन्नस समोर आली की चित्र पालटते. तांबडा भोपळा, सुरण, कलिंगड, कोबीचा मोठा गड्डा आणि विशेषतः फणस या कामांत लांब पाते आणि वजन या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. फणसाला पात्याच्या दोन्ही बाजूंना खोबरेल तेल चोपडून घ्यावे, चाकू मधोमध बसवून पाठीवर तळहाताने दाब द्यावा आणि फणस फिरवत फिरवत काप पुरा करावा, म्हणजे चीक पात्याला धरत नाही. सुरमईच्या तुकड्या पाडताना मणक्याशी अडखळावे लागत नाही. मटणाच्या नळीवर मात्र तो चालवू नये, ते काम सत्तुराचे आहे.

बाहेरच्या परीक्षेसाठी उभे झाड तोडू नये; वखारीतले किंवा घरच्या आवारात पडलेले लाकूड पुरते. वाळलेल्या बाभळीवर तिरके घाव घालून ढलप्या किती मोठ्या उडतात आणि मनगटाला हादरा किती बसतो ते पाहावे. प्रत्येक मोठ्या चाकूच्या पात्यावर टोकाकडून थोडे आत असे एक ठिकाण असते, जिथे घाव बसला तर हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. ते सापडले की काम निम्म्या कष्टात होते. नंतर मनगटाएवढ्या जाडीचा ओंडका उभा करून, त्यावर धार टेकवून, पाठीवर दांडक्याने ठोकत तो फाडावा, म्हणजे ज्याला बॅटनिंग म्हणतात ते करावे. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले नसेल तर मूठ इथेच हलू लागते. घाव गुडघ्यांवर बसून घालावेत, कारण उभ्याने निसटलेला घाव नडगीवर येतो. बांबू शेवटी ठेवावा. त्याच्या सालीत सिलिका असते आणि तिच्यामुळे धार लवकर उतरते.

निव्वळ झुडपे साफ करायची असतील तर कोकणात कमरेच्या आकडीला अडकवतात तो कोयता या चाकूला मागे टाकतो. त्याचे वजन पुढच्या बाजूला असते, वळलेले टोक फांदी ओढून धरते, आणि लोहाराने गाडीच्या पाट्याच्या पोलादाचा केलेला असेल तर तो फार कमी पैशांत पिढीभर टिकतो. विकतच्या महागड्या चाकूची भलामण करणारे ही तुलना सहसा टाळतात.

लाकडाचे काम संपल्यावर धार न लावता पुन्हा टोमॅटो कापून पाहावा. साल न दबता कापली गेली तर पोलाद आणि पाणी दोन्ही उत्तम समजावीत. मी धार प्रत्येक बाजूला साधारण २० अंशांची ठेवतो; १५ अंशांवर आणली की भाजी छान चिरली जाते, पण बाभळीवर ती लगेच दुमडते. कार्बन पोलाद कोकम, लिंबू, चिंच यांनी काळवंडते आणि कांद्यावरही काळसर डाग सोडते. हे काळवंडणे वाईट नाही, लाल गंज वाईट. म्हणून काम झाल्याबरोबर धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवावा, आणि पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

कायद्याचेही पाहावे लागते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक वापरासाठी बनवलेले तेवढे वगळले आहेत. चाकू याहून लहान असला तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असताना तो घेऊन फिरल्यास अडचण येऊ शकते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्टपणे येतो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर ही आपल्याकडची नेहमीची ठिकाणे अभयारण्यांतच आहेत, तेव्हा तिथल्या ट्रेकसाठी म्हणून हा चाकू घेऊ नये. शेतावर, स्वतःच्या बागेत किंवा खाजगी जागेतल्या मुक्कामाला तो वापरणार असाल तर जरूर घ्यावा.