करवंद : कुंपणासाठी की फळांसाठी?

प्रश्न : माण तालुक्यातील आमच्या मुरमाड जमिनीत पर्माकल्चर पद्धतीने शेवगा, सीताफळ, तूर आणि भाजीपाला अशी मिश्र लागवड केली आहे. शेळ्या आत शिरू नयेत आणि फळेही मिळावीत, म्हणून चारही बांधांवर करवंद लावून ते छाटून दाट ठेवण्याचा विचार आहे. महाबळेश्वरकडचे हे झुडूप आमच्या कोरड्या हवेत तग धरेल का आणि त्याला फळे कितपत येतील?
— एक वाचक, दहिवडी परिसर, जि. सातारा

उत्तर : तग धरेल, त्याविषयी शंका नसावी. घाटमाथ्यावर करवंदाच्या जाळ्या जागोजागी दिसतात, त्यामुळे त्याला भरपूर पाऊस लागतो असा समज झाला आहे. प्रत्यक्षात हलकी, उथळ, दगडगोट्यांची जमीन आणि कडक ऊन त्याला मानवते, सोसत नाही ते मुळाशी तुंबलेले पाणी. पहिले दोन उन्हाळे मात्र रोपांना पाणी द्यावे, बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे आणि काटे राठ होईपर्यंत शेळ्यांपासूनही त्यांना जपावे, कारण कोवळा पाला त्या सोडत नाहीत.

खरी अडचण छाटणीची आहे. करवंदाची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर झुबक्यांनी येतात. कुंपण नेटके राहावे म्हणून हिवाळ्यात कात्री चालवली, तर माघ-फाल्गुनात ज्यांवर फुलोरा यायचा ते शेंडेच आपण कापून टाकतो आणि मग ‘झाड वांझ निघाले’ म्हणून नर्सरीवाल्याला बोल लावतो. म्हणून कुंपण आणि फळे या दोन्ही गोष्टी एकाच ओळीकडून मागू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेळ्यांची वाट ज्या बाजूने असेल, तिथे तीन-तीन फुटांवर तिरकस दुहेरी ओळ लावून ती खुशाल छाटावी. उरलेल्या बांधांवर दहा-दहा फुटांवर झुडपे मोकळी वाढू द्यावीत आणि फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडावर, फक्त वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. करवंद हे शेंगावर्गीय कुळातले नसल्यामुळे ते जमिनीला नत्र देत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मधूनमधून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे शेंगावर्गीय झाड लावावे व त्याचा पाला करवंदाच्याच बुंध्याशी पसरावा.

रोपे घरी करायची असल्यास पूर्ण पिकलेल्या फळांतील बी गर धुऊन लगेच पिशवीत पेरावे, कारण साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. फळ साधारण तिसऱ्या वर्षापासून दिसू लागते, परंतु बियांपासून वाढलेल्या झाडांत गोडी आणि आकार सारखा मिळत नाही. विकत रोपे घेणार असाल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या मोठ्या फळाच्या वाणाची चौकशी करावी. पायवाटेलगत मात्र हे झुडूप लावू नये. काटा इंच-दीड इंचाचा असतो, आणि हिरवे फळ खुडताच देठातून पाझरणारा पांढरा चीक हाताला व कपड्याला चिकटतो. लोणच्यासाठी हीच हिरवी फळे मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे चीक सुटतो. जेलीसाठी अर्धी पिकलेली फळे घ्यावीत, कारण त्यांतील पेक्टिनमुळे ती चांगली धरते.

प्रश्न : मिरजेजवळ काळ्या जमिनीत लावलेली करवंदाची रोपे पावसाळ्यात पिवळी पडतात. कोणते खत द्यावे?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : खत देऊ नये. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी मुळाशी तुंबते आणि तेच करवंदाला सोसत नाही. रोपे उचलून बांधावर किंवा दीड-दोन फूट उंच वरंब्यावर लावावीत आणि पाणी वाहून जाण्यासाठी शेजारून चर काढावा.