दोन भाषांत अडखळणारे वडील

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. आम्ही बेळगावचे, घरात मराठी, नोकरीत आणि बाजारात त्यांची कायम कन्नड. हल्ली चार जणांत दोन्ही भाषा सुरू असल्या की ते अडखळतात, भलत्याच भाषेतला शब्द तोंडी येतो. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात का? घरी फक्त मराठीच बोलायला लावावं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तसा आग्रह मुळीच धरू नका. दोन भाषा येणारा माणूस बोलतो तेव्हा मेंदूत दोन्ही जाग्या असतात; नको ती दाबून धरावी लागते. वयाबरोबर ही पकड सैल होते. त्यातही भाषा बदलण्याच्या क्षणापेक्षा दोन्ही भाषा सतत तयार ठेवणं जास्त जड जातं. म्हणूनच कन्नड शेजाऱ्याशी एकट्याने नीट बोलणारा माणूस मिश्र बैठकीत अडखळू शकतो. कमी ऐकू येत असेल तर आणखीच. आधी कान तपासून घ्या.

शब्द चुकला यापेक्षा, चुकल्याचं त्यांना कळलं का, ते पाहा. हसून दुरुस्त करत असतील तर घाबरू नका. कन्नड न येणाऱ्या नातवाशी कन्नडच बोलत राहिले, सांगूनही भाषा बदलली नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, ओळखीचा रस्ता चुकले, तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. बोलणं अचानक बिघडलं तर मात्र पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठा.

घरी एक नोंद ठेवा. एका मिनिटात मराठीत प्राण्यांची किती नावं सांगता येतात, ते मोजा. दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये भाज्यांची. प्रकार वेगळा ठेवा, नाहीतर आदल्या दिवशीचीच नावं भाषांतरित होतात. सहा महिन्यांनी हेच करून त्या-त्या भाषेतला आकडा जुन्या आकड्याशी ताडा. मराठी-कन्नडची आपसात तुलना नको. कमी वापरातल्या भाषेत शब्द कमीच येतात. हे निदान नव्हे, डॉक्टरांना दाखवायची नोंद आहे.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात द्विभाषिकांची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, निरक्षरांतही. पण निरोगी लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत हा फायदा ठामपणे आढळत नाही. तेव्हा भाषेच्या भरवशावर रक्तदाब, साखर, बी-१२, थायरॉइड तपासायचं टाळू नका.

स्मरणशक्तीची तपासणी फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत झाली तर गुण उगाच कमी पडू शकतात. अपॉइंटमेंट घेतानाच दोन्ही भाषांत चाचणी होईल का ते विचारा, आणि चांगली कन्नड येणारं घरचं कुणीतरी सोबत न्या.