फरार व्हायलाही माणसं लागतात

धुळे

बेटा,

पॉडकास्टसाठी लिहिलेली तुझी संहिता सावकाश वाचली. भाषा स्वच्छ आहे, तुझा आवाजही चांगला आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत मला कंटाळा आला. मेक्सिकोचा गांजातस्कर राफाएल कारो किंतेरोचे घोडे, त्याचं सोनं, त्याच्या मेजवान्या, त्याच्यावर रचलेली गाणी. शिरपूरच्या स्टँडवर मोबाइल बघत बसलेला पोरगा हे ऐकून काय म्हणेल? 'भाऊ जगला राजासारखा!' संध्याकाळपर्यंत स्टेटसला फोटो. तुला हे नको आहे हे मला माहीत आहे, पण संहितेला ते अजून कळलेलं नाही.

मेक्सिकोचा माणूस खान्देशात कशाला, असं तुला वर्गात कोणीतरी विचारलं म्हणे. विचारू दे. विषय बदलू नकोस, फक्त सुरुवात बदल.

एल बुफालोपासून सुरू कर. मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कोरड्या मुलखातलं ते त्याच्या टोळीचं गांजाचं शेत. तुझ्या संहितेत त्याला एक वाक्य मिळालंय आणि मेजवान्यांना दोन पानं. उलटं कर. नोव्हेंबर 1984 मध्ये मेक्सिकोच्या लष्करानं आणि पोलिसांनी तिथं छापा घातला, हजारो टन माल जाळला. टनांचा नेमका आकडा जो तो आपापला सांगतो, म्हणून तू 'हजारो' म्हणून पुढे जा, श्रोत्याचं काही अडत नाही. अडतं ते पुढच्या गोष्टीवर: त्या शेतात हजारो मजूर होते. गरीब गावांमधून कामाच्या आशेनं आणलेले, पहाऱ्यात ठेवलेले. छापा पडला तेव्हा मजूर सापडले. मोठ्या मालकांपैकी तिथं कोणी नव्हतं.

आता जरा शेतकऱ्याच्या पोरीसारखा विचार कर, तू आहेसच. वाळवंटी भागात एवढं पीक उभं करायचं तर विहिरी पाहिजेत, पंप पाहिजेत, पंपाला डिझेल किंवा वीज पाहिजे. हजारो माणसांची रोजची भाकर पाहिजे, म्हणजे धान्य कोणीतरी पोचवतंय. माल वाळवायला शेड, न्यायला ट्रक, ट्रकला रस्ता, रस्त्यावर नाके. यातलं काहीच रात्रीत लपून होत नाही. आपल्याकडे शेजाऱ्यानं नवी मोटर टाकली तरी चार दिवसांत गावाला कळतं! बुफालोबद्दल कोणाला माहीत नव्हतं, हे म्हणूनच पटत नाही. कोणाकोणाला माहीत असणं भाग होतं, याची यादी तू संहितेत मोठ्यानं वाच. पार्श्वसंगीत लावू नकोस. दहा मिनिटांचा ऐवज तिथंच आहे.

कारो किंतेरोचं बालपण थोडक्यात उरक. 1952 चा जन्म, सिनालोआतल्या बादिराग्वातो तालुक्यासारख्या डोंगरी भागातला, गरीब घर. मिगेल आंखेल फेलिक्स गायार्दो आणि एर्नेस्तो फोन्सेका कारिय्यो यांच्यासोबत त्यानं ग्वादालाहारा कार्टेल, म्हणजे तस्करांची टोळी, उभी केली. बी नसलेल्या गांजाला अमेरिकेत जास्त भाव होता, त्या भावावर तो मोठा झाला. बस, एवढं पुरे. 'गरिबीनं त्याला या वाटेला लावलं' हे वाक्य मात्र काढून टाक. त्याच डोंगरातली बाकीची गरीब पोरं बुफालोसारख्या शेतांवर राबली, त्यांना कोणत्या वाटेला लावलं?

यानंतर एन्रिके कामारेना. त्याला 'किकी' म्हणायचे, अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, डीईएचा, माणूस. बुफालोची माहिती त्यानंच पोचवली असा टोळीचा समज झाला. 7 फेब्रुवारी 1985 रोजी तो बायकोसोबत जेवायला म्हणून ग्वादालाहारातल्या कचेरीतून निघाला आणि भर रस्त्यातून उचलला गेला. त्याच्यासोबत काम करणारा वैमानिक आल्फ्रेदो सावाला याचंही त्याच दिवशी अपहरण झालं. 5 मार्चला दोघांचे मृतदेह मिचोआकान राज्यात सापडले. तुझ्या संहितेत छळाचं वर्णन आहे ते पूर्ण काढ. कामारेनाला तीन मुलगे होते, ती आजही कोणाची तरी माणसं आहेत. आणि सावालाला किमान चार वाक्यं दे. बातमी अमेरिकेच्या माणसाची होते आणि वैमानिक तळटिपेत जातो, ही सवय आपल्या डेस्कवरही आहे. अपघातात पुण्याचा डॉक्टर आणि साक्रीचा क्लीनर गेला तर मथळ्यात कोण येतं, बघ एकदा.

अपहरणाला दोनच दिवस झाले होते. कारो किंतेरो ग्वादालाहाराच्या विमानतळावर होता, पोलीसही तिथं होते, आणि तरी त्याचं विमान उडालं. अडवणाऱ्यांपैकीच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याला जाऊ दिलं, त्यात पैशांचा व्यवहार झाल्याचा आरोप झाला. एप्रिलमध्ये तो कोस्टा रिकात पकडला गेला. तू इथं लिहिलंयस, 'तो हवेत विरून गेला.' बेटा, विमानाला वैमानिक असतो, उड्डाणाला परवानगी असते. फरार व्हायलाही माणसं लागतात. माझं तुला सांगणं खरं तर एवढंच आहे, बाकी पत्र त्याचीच फोड आहे. जिथं जिथं 'गायब झाला' लिहिलंयस तिथं थांब आणि त्या क्रियापदाचा खरा कर्ता कोण, ते शोध.

हे सगळ्यात जास्त कामाला येईल ते 2013 साठी. तेव्हा तो हालिस्को राज्यात 40 वर्षांची शिक्षा भोगत होता, त्यातली 28 झाली होती. न्यायालयानं म्हटलं की कामारेना हा मान्यताप्राप्त राजनैतिक अधिकारी नव्हता, त्यामुळे खटला केंद्रीय न्यायालयात चालायलाच नको होता, राज्याच्या न्यायालयात चालायला हवा होता. 9 ऑगस्टच्या पहाटे, अंधारात, तो तुरुंगाच्या दारातून चालत बाहेर पडला. भिंत फोडली नाही, भुयार खणलं नाही. नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला, तोवर हा कुठे होता कोणास ठाऊक. भुयारातून पळणाऱ्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. तू कागदावरून सुटलेल्याची सांग. अधिकारक्षेत्राचा मुद्दा रुक्ष वाटेल, पण नीट समजावलास तर श्रोता हलणार नाही. आपल्याकडची माणसं कोर्टकचेऱ्यांत मुरलेली, बांधाच्या भांडणात दिवाणी की महसूल हे चहाच्या टपरीवर तावातावानं बोलणारी!

2018 मध्ये अमेरिकेनं त्याच्यावर 2 कोटी डॉलरचं इनाम लावलं आणि त्याला एफबीआय या तपास यंत्रणेच्या पहिल्या दहा फरारींच्या यादीत घातलं. पण त्याआधी, 2016 मध्ये, अनाबेल एर्नांदेस या पत्रकार बाईंनी त्याची मुलाखत घेतली, ती 'प्रोसेसो' साप्ताहिकात आली. मी आता या धंद्यात नाही, असं तो म्हणाला, आणि माफीही मागितली. तू हे 'धक्कादायक' म्हणून उडवून लावलंयस. इथं रेंगाळ. पत्रकार पोचते आणि दोन देशांची सरकारं पोचत नाहीत, हे कसं? शिवाय फरार माणूस मुलाखत देतो तेव्हा त्याला काहीतरी विकायचं असतं. 'मी निवृत्त झालो' हे त्याचं म्हणणं म्हणून सांग, तुझं विधान म्हणून नको. अमेरिकेनं ते मानलं नव्हतं.

शेवट तुला कुत्रीवर करायचा मोह झालाय. 15 जुलै 2022 ला सिनालोआच्या डोंगरात, सान सिमोन गावाजवळ, नौदलाच्या मॅक्स नावाच्या ब्लडहाउंड कुत्रीनं त्याला झुडपात हुडकलं. गोड आहे, ठेव. पण त्याच दिवशी त्या कारवाईतलं हेलिकॉप्टर लोस मोचिस इथं कोसळलं आणि 14 नौसैनिक गेले. इंधन संपल्यानं कोसळलं, असं सरकारी तपासात पुढे आलं. कुत्रीला दीड मिनिट आणि चौदा माणसांना अर्धं वाक्य, हे मला वाचवलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिलं, न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यानं आरोप नाकारले. त्यापुढचं लिहिताना रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी खटल्याची स्थिती पुन्हा तपास.

आता दुसऱ्या भागाचं. तो तू आपल्या खान्देशावरच कर.

ज्या 1985 मध्ये कामारेना मारला गेला, त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. आणि शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पट्ट्यात कपाशीत, तुरीच्या ओळींत गांजा सापडल्याच्या बातम्या तू लहानपणापासून वाचतेस. मुंबई-आग्रा महामार्ग पळासनेरवरून वर मध्य प्रदेशात जातो, तिथं वाहनं पकडल्याच्याही बातम्या असतातच. या बातम्यांत नाव कोणाचं येतं? शेत कसणाऱ्याचं, नाहीतर ड्रायव्हरचं. बी कोणी दिलं, माल कोण उचलणार होता, हे 'पुढील तपास सुरू आहे' या ओळीत जातं आणि तिथंच राहतं. पहिल्या दिवसाची बातमी सगळे करतात. तू दोन वर्षांपूर्वीची एखादी उचल आणि ती ओळ कुठवर गेली ते बघ.

जिल्हा न्यायालयात जा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर खटल्याची तारीख दिसते, आदेश मिळतात, बाकी कागदांसाठी नकलेचा अर्ज कर. दोषारोपपत्रात मुद्देमालाच्या वजनावर बोट ठेव. इथं एक गंमत आहे, तुझ्या वर्गात शिकवणार नाहीत. छाप्यात झाडं मुळासकट उपटतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतात, ट्रॉली भुईकाट्यावर चढते. मुळांना काळी माती चिकटलेली, पाला ओला, खोडं मनगटाएवढी. काटा सांगेल ते वजन मथळ्यात येतं, आणि किलोला भाव लावून त्याचे लाखाचे कोटी होतात (ही हौस पोलिसांइतकीच आपल्यालाही आहे). पण कायद्यातली गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याची, फळधारणा झालेल्या शेंड्यांची आहे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्यात धरत नाहीत. आता 20 किलो ही व्यावसायिक मात्रा. त्या वर वजन गेलं तर 10 ते 20 वर्षं सक्तमजुरी आणि जामीन मिळणं महाकठीण. त्यामुळे माती, मुळं आणि खोड धरून केलेल्या वजनावर वकील भांडतात, आणि ते भांडण पोकळ नसतं. लागवडीचा गुन्हा निराळा, त्याला 10 वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, तिथं किलोचा प्रश्न नाही. हा फरक तू पाच मिनिटांत समजावून सांगितलास तर डोंगरातल्या कितीतरी घरांना कामाचं काहीतरी ऐकायला मिळेल. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन पावडरीचं, गणित याहून वेगळं, तिथं 50 ग्रॅमलाच व्यावसायिक मात्रा होते. ज्या पोरांना वाटतं 'एवढीशी पुडी', त्यांनी ऐकावं म्हणून तेही घाल.

पाड्यावर एकटी जाऊ नकोस. सोबत पावरी बोलणारं कोणीतरी घे, आणि ते पोलिसांच्या ओळखीतलं नको. आरोपीच्या घरी गेलीस तर रेकॉर्डर आधी दाखव, मग चालू कर. लहान मुलांचे आवाज वापरायचे नाहीत. निकाल लागेपर्यंत 'आरोपी' हाच शब्द, रागानंही दुसरा नको. आणि माल उचलणारा व्यापारी कोण, हे तुला कोणी कानात सांगितलं तर ऐकून घे, पण कागद हाती येईपर्यंत माइकवर बोलू नकोस. कागद आला तरी आधी माझ्याकडे ये. हे भीतीपोटी सांगत नाही. बदनामीचा दावा लढायला पैसे लागतात आणि तुझ्याकडे ते नाहीत.

अहिराणीचं विचारलं होतंस. पहिला भाग मराठीत ठेव. दुसऱ्यात लोक ज्या बोलीत बोलतील तसंच राहू दे, वर मराठी निवेदन चढवून त्यांचा आवाज दाबू नकोस.

बुफालोचा भाग नव्यानं लिहून पाठव. पंप, डिझेल, भाकरी, ट्रक, नाके या क्रमानं. बाकी संहितेला तोवर हात लावू नकोस.

तुझे नाना