शेजाऱ्याने बांध कोरला, पोलिस म्हणतात दिवाणी मॅटर, मग करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की शेजारी दरवर्षी बांध कोरतो, यंदा चारेक फूट आत आला आणि पोलिसांनी दिवाणी मॅटर म्हणून परत पाठवलं. हे आमच्या भावकीत मी जवळून बघितलंय. नांगराचं एकेक तास (ओळ) बांधाच्या पायथ्याला लागतं, बाभळीची मुळं उघडी पडतात, मग एका पावसाळ्यात हद्दीचा दगडच गायब.

पोलिस अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली (आधी आयपीसी 441, 447) अतिक्रमणाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण नुसतं आत शिरणं पुरत नाही, गुन्हा करण्याचा किंवा तुम्हाला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास द्यायचा हेतू दाखवावा लागतो. दिवाणीत तसं नाही, तो चुकून आला असला तरी तुमचा हक्क तोच राहतो.

म्हणून आधी मोजणी. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतं, जागेवरची हद्द नाही, त्यामुळे नुसता सातबारा घेऊन भांडण्यात अर्थ नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका, शेजाऱ्यालाही नोटीस जाते, त्या दिवशी स्वतः उभे राहून खुणा बघा आणि क प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) घ्या. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागता येते.

पण मोजणीची वाट बघत बसू नका, खरी गोम 6 महिन्यांची आहे! ताबा गेल्यापासून 6 महिन्यांत मामलेदार कोर्ट कायदा 1906 खाली तहसीलदाराकडे दावा टाकता येतो, किंवा स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली दिवाणी कोर्टात जाता येतं, तिथे मालक कोण हे बघतच नाहीत, बेकायदा ताबा काढून घेतला का एवढंच बघतात. ती मुदत गेली तरी मालकी हक्कावर दावा करता येतो, मात्र 12 वर्षं गप्प बसलात तर शेजारी प्रतिकूल कब्जा, म्हणजे इतकी वर्षं उघड ताबा असल्याचं सांगून जमिनीवर स्वतःचा हक्क सांगायला लागेल.

आणि कृपा करून त्याचं पीक उपटायला किंवा कुंपण तोडायला जाऊ नका, मग गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो. तारखेसकट फोटो काढून ठेवा. यंदाची नांगरट नक्की कधी झाली तेवढं कळवा, मग तहसीलदाराची वाट अजून मोकळी आहे का ते सांगतो.